नॉरफोकची गर्दी

(दृश्य: हार्बर पार्क, नॉरफोक, व्हर्जिनिया. सामन्याआधीचा सराव.)

नॉरफोक हे आरमाराचं शहर. अमेरिकी नौदलाचा सर्वांत मोठा तळ इथला. एलिझाबेथ नदीच्या काठावर हे बेसबॉलचं मैदान आहे आणि इथे खेळणाऱ्या संघाचं नाव टाइड्स. पण या संघाला नॉरफोकचा म्हणायचं ते नावापुरतंच. मैदानावरच्या एकाही पोराला नॉरफोकने निवडलेलं नाही, त्यांचा पगार नॉरफोक देत नाही, आणि आज कोण खेळणार हेही नॉरफोक ठरवत नाही. सगळे बाल्टिमोर ओरिओल्सचे, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च बेसबॉल लीगमधल्या क्लबचे. रणजीत मुंबईकडून खेळणारा भारतीय संघात गेला तरी मुंबईचाच राहतो. इथे तसं नाही. मायनर लीग म्हणजे मेजरच्या खालची, खेळाडू घडवणारी लीग; ट्रिपल-ए ही तिची सगळ्यात वरची पायरी, आणि ती चालते वरच्या संघाच्या सोयीने.

2023 मध्ये टाइड्सनी ट्रिपल-एचं विजेतेपद पटकावलं. बाल्टिमोरमध्ये आनंद झाला, पण त्या आनंदाला एक शंका चिकटलेली होती. एवढे चांगले बॅटर असताना ते अजून खालीच का?

आपला विषय तीच शंका. आणि निवेदक ओरिओल्सचा चाहता आहे, तेव्हा तटस्थपणाची फार अपेक्षा ठेवू नका.

(दृश्य: कॅम्डेन यार्ड्स, बाल्टिमोर. उजव्या बाजूला विटांचं लांबलचक जुनं गोदाम.)

2018 मध्ये ओरिओल्सनी 162 पैकी 115 सामने गमावले. त्या नोव्हेंबरात ह्यूस्टनहून माइक एलायस जनरल मॅनेजर, म्हणजे संघबांधणीचे प्रमुख, म्हणून आले. धोरण सरळ होतं: महागडे खेळाडू घ्यायचे नाहीत, हरलो तरी चालेल, आणि हरल्यामुळे ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, जे वरचे नंबर मिळतील त्यातून संघ उभा करायचा. 2019 मध्ये पहिल्या नंबरवर कॅचर (बेसबॉलचा यष्टीरक्षक) अ‍ॅडली रचमन घेतला. त्याच ड्राफ्टमध्ये 42 व्या नंबरवर अलाबामाचा शाळकरी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), गनर हेंडरसन. 2021 मध्ये पुन्हा 110 पराभव, आणि 2022 मध्ये पुन्हा पहिला नंबर: जॅक्सन हॉलिडे.

इथे राष्ट्रगीताच्या शेवटाकडे ‘ओ’ आला की अख्खं स्टेडियम ओरडतं, कारण ओ म्हणजे ओरिओल्स. त्या पडत्या वर्षांतही ओरडत होतं. माणसं कमी होती, इतकंच. चाहत्यांनी तो काळ सोसला तो नॉरफोक, बाउई, अ‍ॅबरडीन आणि डेल्मार्वा इथले स्कोअर वाचून. वरचा संघ बघवत नव्हता, तेव्हा लोक खालचे चार संघ बघायला शिकले.

(दृश्य: डगआउटमधल्या भिंतीवर लावलेली खेळाडूंची यादी.)

आता थोडा नियमांचा भाग. तो टाळला तर पुढचं भांडण कळणार नाही.

मेजर लीगच्या संघात एका वेळी 26 जण. त्याच्या मागे 40 जणांची मोठी यादी. त्या 40 मधल्या खेळाडूला साधारणपणे तीन मोसम मायनरमध्ये खाली-वर पाठवता येतं. याला ऑप्शन म्हणतात. ऑप्शन संपले की खाली पाठवण्याआधी त्याला बाकीच्या संघांसमोर ठेवावं लागतं, आणि कुणीही उचलून नेऊ शकतं. ठरावीक वर्षांत जो 40 मध्ये आला नाही, त्याच्यावर डिसेंबरातल्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब हात मारू शकतो. म्हणजे कोठारात माल कितीही भरा, दार 26 जणांचंच आहे.

आणि दिवस मोजले जातात. मेजरमध्ये 172 दिवस भरले की एक वर्षाची नोकरी धरली जाते. सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा, हवा तिथे जायला. 2015 मध्ये शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटला मोसम सुरू झाल्यावर थोडे दिवस थांबून वर आणलं. त्याचे दिवस भरले 171. एका दिवसाने क्लबला त्याचं एक अख्खं वर्ष जास्त मिळालं. ब्रायंटने दाद मागितली आणि 2020 मध्ये तो हरला.

‘अजून पिकू दे की त्याला’ असं आपण चाहते आरामात म्हणतो. मायनर लीगच्या खेळाडूंशी झालेल्या 2023 च्या करारानंतर ट्रिपल-एचं किमान वार्षिक वेतन 35,800 डॉलर झालं. मेजर लीगमध्ये 2025 चं किमान होतं 7,60,000. पिकत बसणं कुणाला परवडतं ते बघा.

रचमन 21 मे 2022 ला वर आला. मोसमाच्या तोंडावर त्याच्या हाताला दुखापत होती हे खरं, पण उशीर क्लबच्या पथ्यावर पडणार होता हेही खरं. मग त्या वर्षीच्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात तो दुसरा आला, आणि मेजर लीगच्या खेळाडू संघटनेशी झालेल्या 2022 च्या कराराप्रमाणे पहिल्या दोघांना पूर्ण वर्ष मिळतं. हिशेब त्याच्या बाजूने फिरला. मला तरी मनापासून बरं वाटलं.

हेंडरसनच्या बाबतीत मात्र क्लबने फासे अचूक टाकले. 31 ऑगस्ट 2022 ला त्याला आणलं. एवढ्या उशिरा, की 2023 मध्येही तो नियमाने नवोदितच राहिला. त्या वर्षी त्याने नवोदिताचा पुरस्कार जिंकला आणि त्याबद्दल क्लबला ड्राफ्टमध्ये एक जादा जागा बक्षीस मिळाली. संघाने 101 सामने जिंकले. इथवर एलायसना नावं ठेवणाऱ्या माणसाशी मी वाद घालेन.

(दृश्य: एप्रिल 2024. बॉस्टनच्या फेनवे पार्कवर सात नंबरची जर्सी.)

हॉलिडेपासून गोष्ट बिघडायला लागली. एकोणीस वर्षांचा असताना, 2023 या एकाच मोसमात, हा मुलगा डेल्मार्वा ते नॉरफोक अशा चारही पायऱ्या चढला. 2024 च्या वसंतातल्या सराव सामन्यांत छान खेळला, तरी क्लबने त्याला खाली ठेवलं. कारण दिलं की डावखुऱ्या पिचरांसमोर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांसमोर, अजून खेळायला हवं. दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत तोच, 10 एप्रिलला, बोलावलं. एवढ्यात डावखुऱ्यांचा काय अभ्यास झाला असेल तो झाला.

सात नंबर हा कॅल रिपकेन सीनियर यांचा. रिपकेन कुटुंबाशी बोलून तो घेतलेला. त्या नंबरचं ओझं असेल, नसेल. पण पहिल्या दहा सामन्यांत 34 वेळा बॅटिंग, दोन हिट (बेस मिळवून देणारे फटके), अठरा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). वीस वर्षांच्या पोराची दोन चेंडूंत पंचाईत व्हायची. 26 एप्रिलला परत नॉरफोक.

तेव्हा लोकांनी त्याला लगेच निकालात काढलं. मला त्यात पोरापेक्षा ट्रिपल-एच्या आकड्यांचा दोष जास्त वाटतो. त्या काळात तिथे आठवड्यातल्या निम्म्या सामन्यांत स्ट्राइक, म्हणजे चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला की नाही, हे यंत्र ठरवायचं, आणि उरलेल्यांत बॅटर हेल्मेटवर टिचकी मारून अंपायरला आव्हान द्यायचा. नजर चांगली असलेल्या मुलाला तिथे फुकट बेस मिळत राहायचे. वर तेव्हा सगळं माणूस असलेला अंपायरच ठरवायचा, आणि पिचर दयामाया दाखवत नाही. ट्रिपल-एमधली सरासरी बघून नाचणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं. 31 जुलैला हॉलिडे परत आला आणि त्याच दिवशी टोरोंटोविरुद्ध ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार रन) मारला. चेंडू गोदामाच्या बाजूला, युटॉ स्ट्रीटवर.

(दृश्य: नॉरफोकची बॅटिंग केज. तीन जण पाळीची वाट बघताहेत.)

हॉलिडेला निदान जागा तरी होती. मागे उभे असलेल्यांना तीही नव्हती. काइल स्टाउअर्स बाल्टिमोर–नॉरफोक रस्त्यावर झिजला. हा रस्ता गाडीने चार तासांचा. आठवडाभर वर, त्यातले दोन दिवस बाकावर, की परत खाली. कोबी मेयो ऑगस्ट 2024 मध्ये वर आला आणि त्या वर्षी 41 पाळ्यांत चार हिट. 2020 च्या ड्राफ्टमधला दुसऱ्या नंबरचा हेस्टन कर्स्टॅड हृदयाच्या आजारातून उठला, मग डोक्यात चेंडू बसला, आणि 2025 मध्ये .192 ची सरासरी (शंभर पाळ्यांत जेमतेम एकोणीस हिट) घेऊन पुन्हा नॉरफोकला. हे तिघेही बॅटर. पिचर कुठे होते?

माझं म्हणणं एवढंच: 2023 च्या 101 विजयांनंतर क्लबने थांबणं सोडायला हवं होतं. तळाच्या संघाला संयम शोभतो. वर आलेल्या संघात तोच संयम चिक्कूपणा होतो. प्रॉस्पेक्टची, म्हणजे होतकरू पोराची, किंमत सगळ्यात जास्त असते ती तो वर येण्याआधी. 34 पाळ्या, 41 पाळ्या, की भाव उतरला.

क्लबने काहीच केलं नाही असं नाही. 1 फेब्रुवारी 2024 ला जोई ऑर्टिझ, डी. एल. हॉल आणि ड्राफ्टची एक जागा देऊन मिलवॉकीहून कॉर्बिन बर्न्स आणला. हा सौदा दहापैकी दहा. बर्न्स एकच वर्ष राहणार हे सगळ्यांना माहीत होतं. 1 ऑक्टोबरला कॅन्सस सिटीविरुद्ध तो नवव्या इनिंगपर्यंत टिकला, एकच रन दिला, आणि आपण 1-0 ने हरलो. दुसऱ्या दिवशी 2-1. बॅटरांची श्रीमंती सांगणाऱ्या संघाने दोन सामन्यांत एक रन काढला. माझ्या मताला हा सामना सोयीचा नाही, पण झाला तो असा झाला.

आणि स्टाउअर्सचा सौदा. 30 जुलै 2024 ला तो आणि कॉनर नॉर्बी मायामीला गेले, बदल्यात डावखुरा पिचर ट्रेव्हर रॉजर्स. रॉजर्सने चार सामन्यांत 7.11 चा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन; कमी तेवढा चांगला) दाखवला आणि त्यालाही नॉरफोकला पाठवावं लागलं. पुढच्या वर्षी स्टाउअर्स मायामीचा ऑल-स्टार, 25 होम रन. बाल्टिमोरमध्ये लोकांनी एलायसना फाडून खाल्लं. मग मे 2025 च्या अखेरीस गुडघ्याच्या दुखापतीतून रॉजर्स परतला आणि 18 सामन्यांत ईआरए 1.81. आता हा सौदा कुणी जिंकला? मी म्हणतो दोघांनी. स्टाउअर्सला आपल्याकडे तेवढ्या पाळ्या मिळाल्याच नसत्या.

बर्न्स गेला, 21 कोटी डॉलरवर अ‍ॅरिझोनाला. त्याच्या जागी एक-एक वर्षाचे दोन वयस्कर पिचर: चार्ली मॉर्टन आणि जपानचा तोमोयुकी सुगानो. संघाची मालकी आता अब्जाधीश डेव्हिड रुबेनस्टाइन यांच्याकडे होती, तरी खर्चाचा हात आखडलेलाच. 15 विजय, 28 पराभव झाले तेव्हा मे 2025 मध्ये मॅनेजर, म्हणजे मैदानावरचे प्रशिक्षक, ब्रँडन हाइड यांना काढलं. मॅनेजर हाताशी असतो, म्हणून तो जातो. मोसम संपला 75 विजयांवर, विभागात तळाला.

त्या पडझडीत एक निर्णय मला आवडला. 17 ऑगस्ट 2025 ला एकवीस वर्षांच्या सॅम्युएल बसायोला वर आणलं, आणि आठवड्याच्या आत आठ वर्षांचा 6.7 कोटी डॉलरचा करार केला. तोही कॅचर, रचमनही कॅचर. गर्दी तीच. पण निदान दिवस मोजत बसण्याऐवजी पैसे मोजले.

(दृश्य: हिवाळा. रिकामं कॅम्डेन यार्ड्स.)

डिसेंबर 2025 मध्ये बॅटर पीट अलोन्सोला पाच वर्षांसाठी 15.5 कोटी डॉलर दिले. त्याच महिन्यात चार होतकरू आणि ड्राफ्टची एक जागा टॅम्पा बेला देऊन पिचर शेन बाझ घेतला. भाव चढा आहे, नाकारत नाही; त्या चौघांतला एखादा पुढे टॅम्पाकडून आपल्यालाच नडेल. तरी मी हा सौदा घेईन. 2023 च्या हिवाळ्यात असे दोन केले असते तर मजा होती.

आता अलोन्सो फर्स्ट बेसवर उभा राहणार, म्हणजे मेयोची तिथली जागा गेली. त्याला थर्ड बेसवर रोज खेळवा, नाहीतर पिचर घेऊन सोडा. आणखी एक उन्हाळा त्याला त्या चार तासांच्या रस्त्यावर घालवायला लावू नका.