शाफ्ट आणि माणूस यांच्यामधला पत्रा

नमस्कार मंडळी. तुमच्यातले बरेच जण वागळे इस्टेटमध्ये, रबाळ्याला, महाप्याला रोज पत्र्याचंच काम करता, त्यामुळे बेंडिंग म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. आजचा विषय एकच : घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारचा ट्रान्समिशन टनेल, म्हणजे इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या शाफ्टवरचं पत्र्याचं आवरण.

१९५७ साली लोटस सेव्हन ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आली. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि मध्ये दोन माणसं जवळजवळ जमिनीला टेकून. त्या धर्तीची गाडी आपल्याकडे बांधायची तर मारुती ईको व्हॅनचं २०२२ पर्यंतचं ११९६ सीसी इंजिन आणि गिअरबॉक्स सोयीचा, कारण ते गाडीच्या लांबीत बसतात आणि मागची चाकं फिरवतात. पण मग प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा फिरता दांडा, दोन सीटच्या मधून, ड्रायव्हरच्या मांडीपासून चार बोटांवरून जातो. थेट गिअरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्स वेग बदलत नाही तेव्हा, तो इंजिनाच्याच वेगाने फिरतो. ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेरे!

म्हणून टनेल शेवटी, सीटकव्हर आणि कार्पेटच्या जोडीला करायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट, तुटला तर दीड मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम एकटं शाफ्टला थोपवणार नाही. पुढच्या क्रॉसच्या थोडं मागे, शाफ्टभोवती जाड एमएस (साध्या पोलादाच्या) पट्टीचं कडं घाला, ३ मिलिमीटरपेक्षा पातळ नको, आणि ते चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पाइपांना बोल्टने धरा. पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतू नये, हे त्या कड्याचं काम. पत्रा त्यानंतर.

आता माप. शाफ्ट स्थिर असताना घेतलेलं माप उपयोगाचं नाही. मागचा अ‍ॅक्सल खालीवर होतो, त्याबरोबर शाफ्टचं मागचं टोकही. इंजिन रबर माउंटिंगवर डोलतं, तसा गिअरबॉक्सही. अ‍ॅक्सल जॅकने पूर्ण वर नेऊन, मग पूर्ण खाली सोडून पाहा आणि त्या टोकाच्या जागांपासून २० ते २५ मिलिमीटर मोकळी ठेवा. आधी पुठ्ठ्याचा टेम्प्लेट करा. गिअर लिव्हर पाचही गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये टाकून बघा, हँडब्रेक ओढून बघा, सीटवर बसून कोपर कुठे येतो तेही बघा.

टनेल पुढे गिअरबॉक्सपाशी रुंद, मागे अरुंद. म्हणजे बेंडच्या दोन्ही रेषा सरळ, पण एकमेकींना समांतर नाहीत. प्रेस ब्रेकवाल्याला (पत्रा वाकवायच्या मशिनवाल्याला) नुसती मापं सांगून भागत नाही, पत्र्यावर रेषा आखून न्या. मार्करने, सुईने नव्हे; ओरखड्यावरच अ‍ॅल्युमिनियम चिरतं. अ‍ॅल्युमिनियमचा ५०५२ ग्रेड घ्या. ६०६१ टी६ मजबूत खरं, पण आवळून वाकवलं की तडकतं. पंचाची, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशिनच्या धारेची, त्रिज्या आधी विचारा. दीड मिलिमीटर पत्रा आणि आतली त्रिज्याही दीड असेल, तर सपाट पत्र्याची लांबी काढताना बाहेरच्या मापांच्या बेरजेतून दर काटकोनी बेंडला सुमारे २.७ मिलिमीटर वजा करावे लागतात. टाकाऊ तुकड्यावर एक बेंड मारून खात्री करून घ्या.

टनेलची दुसरी बाजू मला तितकीच मोलाची वाटते. या गाड्यांना छप्पर नाही, बाजू ठेंगण्या, त्यामुळे चासी पिळली जाते. वरून आणि बाजूंनी पत्रा, खाली उघडं, असा टनेल पिळाला फारसा विरोध करत नाही. खालून पत्रा लावून पेटी बंद केली की तोच टनेल चासीचा कणा होतो. पण खालचा पत्रा दोन-चार स्क्रूंवर नको, थोड्याथोड्या अंतरावर घेतलेले बोल्ट हवेत. आणि तो सुटणाराच हवा, कारण क्रॉसला ग्रीस द्यायचं असतं. त्यासाठी पाइपांत रिव्हनट, म्हणजे रिव्हेटसारखे बसणारे आटेवाले नट, घाला.

आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस. अ‍ॅल्युमिनियम थेट स्टीलच्या पाइपाला टेकवलं की त्या फटीत पाणी राहून अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. पाइप रंगवा, मध्ये पॉलियुरेथेन सीलंट भरा, मगच रिव्हेट मारा, आणि खालच्या पत्र्याला पाणी निघून जायला भोकं ठेवा.

ही गाडी ट्रॅकसाठी, घोडबंदर रोडसाठी नाही. रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे टाइप अप्रूव्हल, म्हणजे वाहनाच्या नमुन्याला चाचणीनंतर मिळणारी मंजुरी, लागतं, तो स्वतंत्र विषय आहे. आता टेम्प्लेट जवळ येऊन बघा, हाताळा. बेंडच्या रेषा त्यावर आखलेल्या आहेत.