नोकोडीबी चढवली, पण डेटा कुठे आहे?

मित्रहो, नोकोडीबी म्हणजे डेटाबेसमधली माहिती ब्राउझरमध्ये स्प्रेडशीटसारख्या तक्त्यांत दाखवणारं साधन. ते लिनक्स सर्व्हरवर चढवायला डॉकरची (प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) एक कमांड पुरते. ब्राउझरमध्ये 8080 पोर्ट उघडला की तक्ते समोर येतात आणि काम झालं असं वाटतं. मला बोलायचंय ते यापुढचं, कारण लोक लगेच त्यात खरी माहिती भरू लागतात.

ती माहिती जाते कुठे? वेगळं काही सांगितलं नसेल तर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये, कंटेनरच्या आत. ती फाइल असलेल्या फोल्डरला व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर टिकणारी जागा) जोडला नसेल, तर जुना कंटेनर काढून नवी आवृत्ती चढवली की समोर येतात रिकामे तक्ते. नुसतं रीस्टार्ट केल्यावर डेटा टिकतो, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने कळतच नाही. मला या साधनातली सगळ्यात घातक गोष्ट हीच वाटते. तेव्हा व्हॉल्यूम पहिल्याच कमांडमध्ये द्या.

एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येतं. बरीच माणसं काम करणार असतील तर सुरुवातीलाच पोस्टग्रेस हा स्वतंत्र डेटाबेस सर्व्हर घ्या आणि त्याचा पत्ता एनसी_डीबी (NC_DB) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्या. नोकोडीबीऐवजी बेसरो हे तशाच प्रकारचं साधन निवडलंत तर हा प्रश्नच येत नाही, ते पोस्टग्रेसवरच चालतं.

आता दाराकडे, म्हणजे बाहेरून सर्व्हरपर्यंत कोण पोचतं याकडे वळू. डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम घालतो. यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या साधनाने पोर्ट बंद केलाय असं आपण समजतो, पण डॉकरने उघडलेला पोर्ट बाहेरून दिसतच राहतो. शिवाय नोकोडीबीत जो पहिला साइन-अप करतो तोच सुपर अ‍ॅडमिन होतो. म्हणून पोर्ट 127.0.0.1 लाच (म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता) बांधा, एसएसएच टनेलमधून (सर्व्हरपर्यंतच्या सुरक्षित जोडणीतून) स्वतःचं खातं उघडा, आणि मगच पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा सर्व्हर) लावा. कॅडी हा असा प्रॉक्सी https साठी लागणारं टीएलएस प्रमाणपत्र आपणहून आणतो आणि त्याचं नूतनीकरणही करतो. एनजिनएक्स हा दुसरा प्रॉक्सी वापरणाऱ्यांनी अपलोडची मर्यादा वाढवावी. मुळात ती 1 एमबी असते, आणि साधा फोटो जोडतानाही 413 ची ('फाइल फार मोठी') एरर येते.

डॉकर इमेजचा (ज्यापासून कंटेनर बनतो तिचा) टॅग 'लेटेस्ट' ठेवू नका, नेमका आवृत्ती क्रमांक लिहा. अपडेट होताना मायग्रेशन (डेटाबेस नव्या आवृत्तीला जुळवणारे बदल) चालतात, टेबलांची रचना बदलते, आणि मग जुन्या आवृत्तीवर नुसतं परतून भागत नाही. पोस्टग्रेसचंही तसंच आहे: मोठी आवृत्ती बदलली की जुनी डेटा डिरेक्टरी नव्या सर्व्हरला चालत नाही.

रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) पीजी_डम्प (pg_dump) ही पोस्टग्रेसची प्रत, म्हणजे डम्प, काढणारी कमांड चालवा. तक्त्यांत जोडलेल्या फाइली डम्पमध्ये येत नाहीत, त्यांची प्रत वेगळी घ्या, आणि दोन्ही दुसऱ्या मशीनवर पाठवा. मग रिकाम्या सर्व्हरवर तो डम्प रिस्टोअर करून लॉगिन करा, तक्ते उघडा, एखादी जोडलेली फाइल डाउनलोड करून पाहा. हे सगळं जमल्यावरच सहकाऱ्यांना सर्व्हरचा पत्ता कळवा.