लेबल बाटलीवर, टोपणावर नाही

नमस्कार श्रोतेहो. ऊस लावायच्या आधी माती तपासायची, पाऊस झाला की विहिरीचं पाणी तपासायचं, हे आता बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बऱ्याच जणांना पटलंय, पण लॅबमध्ये पोचल्यावर नमुना कुठला हेच सांगता येईना तर त्या रिपोर्टाचं करायचं काय?

खानापूर तालुक्यातल्या एका गावची गोष्ट सांगतो, मला ही फार आवडते बघा. मलप्रभेच्या काठचं गाव, आणि खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, विहिरी तुडुंब, पाणी गढूळ. लहान मुलांना जुलाब लागले म्हणून मंडळाच्या पोरांनी चार विहिरींचं पाणी लॅबनं दिलेल्या बाटल्यांत भरलं, शाईच्या पेननं चिठ्ठ्या लिहून रबरानं बांधल्या, बर्फाच्या डब्यात ठेवल्या आणि टेम्पोनं निघाले. वाटेत बर्फ वितळला. डबा उघडला तर चिठ्ठ्यांचा लगदा, शाई धुऊन गेलेली, चारी बाटल्या सारख्या! एकजण म्हणतोय ही देवळाजवळची, दुसरा म्हणतोय नाही रे, ती वरच्या मळ्यातली. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, अंदाजानं मी घेणार नाही. बरोबर केलं त्यांनी. तेवढ्यात सोबत आलेली नववीतली पोरगी, त्यांच्यातल्याच एकाची भाची, म्हणाली, "मामा, माझ्या वहीत आहे की." पेन्सिलीनं लिहिलेलं सगळं, विहीर कुठली, वेळ काय, पाणी बादलीनं काढलं का पंपानं, आणि शेजारी बाटलीच्या बुडाशी लॅबनं टाकलेला नंबर, जो बाकी कुणी बघितलाच नव्हता! चारी नमुने घेतले गेले. एका विहिरीत ई-कोलाय, म्हणजे माणसाजनावरांच्या विष्ठेतून येणारा जंतू, निघाला, प्यायच्या १०० मिली पाण्यात तो अजिबात नसायला पाहिजे. आणि त्याच विहिरीपुढं तिनं लिहिलं होतं, "शेजारी गोठा, उतार विहिरीकडं". कुठं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायची आणि कुणाच्या गोठ्याचं पाणी वळवायचं, दोन्ही तिथंच कळलं.

शाळेत पोरांना थर्माकोलची मॉडेलं विकत आणायला लावतात ना, ते बंद करून प्रत्येकाला अशी एक वही द्या आणि ओढ्यावर पाठवा, हे मी कुठंही सांगेन. 

तर लेबल बाटलीवर, टोपणावर नाही. परत सांगतो, टोपणावर नाही, टोपणं काढून ठेवली की अदलाबदल होते. पाणी भरायच्या आधी, बाटली कोरडी असताना, परमनंट मार्करनं नंबर, जागा, तारीख, वेळ, नमुना घेणाऱ्याचं नाव लिहा, वरून पारदर्शक टेप मारा आणि तेच वहीत पेन्सिलीनं. नुसतं "मळ्यातली विहीर" नको, मळे काय कमी आहेत का, उताऱ्यावरचा सर्वे नंबर घाला. मातीच्या पिशवीला दोन चिठ्ठ्या, एक आत प्लॅस्टिकमध्ये, एक बाहेर, त्यावर माती किती खोलावरची आणि आधीचं पीक पण. जंतूंच्या तपासणीची बाटली विसळू नका, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला आत औषध असतं. आणि हे पाणी बर्फात ठेवून २४ तासांच्या आत, जमलं तर सहा तासांतच पोचवा, म्हणून शनिवारी संध्याकाळी भरू नका, सोमवारी सकाळी भरा आणि निघायच्या आधी लॅबला फोन करा.