कोमोदोरोवरून गेलेली सावली

(दृश्य: अंधार. लाल टॉर्च. ओळीने उभे ट्रक.)

हा आवाज वाऱ्याचा आहे. माईक बिघडलेला नाही.

अर्जेंटिनाच्या चुबुत प्रांतातलं कोमोदोरो रिवादाविया. पाण्यासाठी खणताना १९०७ साली इथे तेल लागलं, तेव्हापासून हे तेलाचं शहर. वारा मात्र त्याच्याही आधीपासूनचा. आज १७ जुलै २०१७, म्हणजे इथला ऐन हिवाळा. मध्यरात्र उलटून गेली आहे.

हे ट्रक माल घेऊन आलेले नाहीत. दुर्बिणींना आडोसा म्हणून ते आडवे लावलेत, कारण वाऱ्याने नळी थरथरली की रात्र फुकट. रस्त्यावरचे दिवे घालवलेत. शेजारचा महामार्ग दोन तास बंद आहे, का तर एखादा हेडलाइट दुर्बिणीच्या आरशात शिरू नये. हे सगळं जेमतेम एक-दोन सेकंदांच्या सावलीसाठी.

(दृश्य: ताऱ्यांचं क्षेत्र. मधोमध एक तारा.)

चंद्राने रोहिणी झाकली की आपल्याकडे हौशी मंडळी गच्चीवर जमतात. त्याला आपण पिधान म्हणतो. हेही पिधानच. फक्त झाकणारा चंद्र नाही, तर साडेसहाशे कोटी किलोमीटरवरचा, प्लूटोच्याही पलीकडचा एक दगड आहे. हबल या अवकाशातल्या दुर्बिणीला तो २०१४ साली सापडला, पण तिलाही एका फिक्या ठिपक्याशिवाय काही दिसलं नाही. प्लूटो मागे टाकून न्यू होरायझन्स यान आता त्याच्याकडे निघालंय. तो केवढा, एक की दोन, कोणालाच ठाऊक नाही.

(दृश्य: आलेख. समांतर रेषा, मागे पृथ्वी.)

तारा इतका लांब, की त्याचे किरण समांतर येतात. म्हणून पृथ्वीवरची सावली जवळपास त्या दगडाएवढीच पडते आणि सेकंदाला वीस किलोमीटरहून जास्त वेगाने जमिनीवरून निघून जाते. तारा किती वेळ विझला, त्यावरून त्या दुर्बिणीला दगडाची एक रेघ मिळते. शेजारच्या दुर्बिणीला दुसरी. काकडीच्या चकत्या क्रमाने मांडल्या की काकडी कशी होती ते कळतं, तसंच.

एका जागी खिळलेली अवाढव्य दुर्बीण इथे कामाची नाही. सावली तिच्यावरून गेलीच, तरी रेघ एकच मिळणार. इथे लागतात पुष्कळ दुर्बिणी, गाडीत टाकून नेता येतील अशा. आज २४ आहेत. आरसा ४० सेंटिमीटरचा. एवढा आरसा हौशी मंडळांकडेही असतो, हे मुद्दाम सांगतो आहे.

(दृश्य: खोकी, तिपाया, लॅपटॉपवर वाकलेली माणसं.)

या पथकाचे प्रमुख मार्क बुई. ३ जूनला त्यांनी अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिका, दोन्हीकडे माणसं पसरली होती. लाखभर फोटो निघाले. तारा एकदाही मिचकला नाही. १० जुलैला सोफिया ही उडती वेधशाळा पॅसिफिकवरून गेली. त्या विमानातलं चित्रण आमच्याकडे नाही, म्हणून पुढे जातो. मधल्या काळात हबलची नवी मापं आणि गाया यानाने मोजलेल्या ताऱ्यांच्या जागा हाताशी धरून सावलीचा पट्टा पुन्हा आखला गेला. तो या शहराजवळून जात होता. मग आजूबाजूच्या माळावर, रस्त्याकडेला, मिळेल तिथे दुर्बिणी ठोकल्या. एकीवरून सावली हुकली तर पुढची पकडेल, असं कुंपण. थंडीत बोटं वळत नाहीत, आणि स्क्रू तर वळवायचेत.

आता बोलत नाही. मधल्या ताऱ्याकडे बघा.

(दृश्य: तारा. तारा. तारा नाही. तारा. — सात सेकंद शांतता.)

पाच दुर्बिणींना सापडला.

(दृश्य: पाच रेघा, एकाखाली एक.)

या रेघा एका गोळ्यात बसेनात. लांबट काहीतरी, किंवा चिकटलेले दोन. १ जानेवारी २०१९ ला यान साडेतीन हजार किलोमीटरवरून गेलं तेव्हा दिसलं ते हे: एकमेकांना टेकलेले दोन चपटे गोळे, लांबी सुमारे ३६ किलोमीटर, साधारण चर्चगेट ते दहिसर. पुढे त्याचं नाव आरोकॉथ ठेवलं.

(दृश्य: पहाट. खोक्यांची झाकणं बंद होताना.)

पण ते नंतर. यान पोचण्याआधीची आणखी एक सावली ४ ऑगस्ट २०१८ ला सेनेगल आणि कोलंबियावरून जाणार होती. सेनेगलमध्ये ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा.