शेपटीला धरून उचललेला उंदीर

(दृश्य: पारदर्शक प्लास्टिकचा पिंजरा, खाली लाकडाचा भुसा, कोपऱ्यात कागदाच्या कपट्यांचं घरटं. ग्लोव्हज घातलेला हात आत येतो.)

हा हात नीट बघा. झाकण उघडलं, हात आत गेला, उंदीर कोपऱ्यात पळाला, हाताने त्याची शेपटी बुडाशी पकडली आणि उचलला. एवढंच. दोन-तीन सेकंदांचं काम. लॅबमध्ये उंदीर असाच उचलायचा हे शिकवलं जायचं, शिकलेल्याने पुढच्याला शिकवलं, आणि कितीतरी वर्षं त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

2010 मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट या दोघींनी एक साधी गोष्ट करून बघितली. काही उंदीर शेपटीला धरून उचलले, काहींना प्लास्टिकच्या नळीत शिरू दिलं आणि नळीसकट उचललं, काहींना ओंजळीत घेतलं. थोड्याच दिवसांत फरक दिसायला लागला. नळीवाले उंदीर हात दिसला की स्वतःहून जवळ यायचे, नळी हुंगायचे, आतबाहेर करायचे. शेपटीवाले लांब राहायचे, धरलं की मुतायचे, लेंड्या टाकायचे, आणि चिंता मोजायची जी टेस्ट असते, उंचावर ठेवलेल्या पट्ट्या, दोन उघड्या आणि दोन भिंती असलेल्या, तिच्यात उघड्या पट्टीवर जायला फारसे धजायचे नाहीत.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून होते. कारण चिंतेवरची औषधं तपासायची तर उंदराची चिंता मोजावी लागते, आणि ती मोजायला त्याला आधी उचलावं लागतं, आणि उचलणारा हातच त्याला घाबरवत होता. म्हणजे आपण जे मोजत होतो त्यातलं किती आजाराचं आणि किती त्या हाताचं?

या व्हिडिओत मला एवढंच विचारायचंय. प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल बोलताना "गरज आहे" हा शब्द फार पटकन येतो. त्यातली खरी गरज किती आणि पडलेली सवय किती?

(दृश्य: फ्रीजचं दार उघडतं. इन्सुलिनचं पेन.)

गरज नसतेच असं मी म्हणू शकत नाही, कारण हे पेन माझ्या आईचं आहे. रोज जेवणाआधी पोटाची कातडी चिमटीत धरून ती सुई टोचते, दहापर्यंत आकडे मोजते आणि मग जेवायला बसते. हे औषध कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून आलंय. 1921 चा उन्हाळा, टोरोंटो विद्यापीठ, फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट. कुत्र्याचं स्वादुपिंड ऑपरेशन करून काढायचं म्हणजे त्याला डायबिटीस होतो, मग दुसऱ्या कुत्र्याच्या स्वादुपिंडाचा अर्क त्याला टोचायचा आणि रक्तातली साखर उतरते का बघायचं. बरेच कुत्रे मेले. मार्जरी नावाची एक कुत्री स्वादुपिंड नसताना अर्कावर सुमारे 70 दिवस जगली. आणि जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या, हाडांचा सापळा झालेल्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं, ते फारसं लागू पडलं नाही, मग जेम्स कॉलिपने अर्क आणखी शुद्ध केला, दुसऱ्यांदा दिला आणि साखर खाली आली. त्याआधी असं मूल घरी आलं की आईबाप फक्त दिवस मोजायचे.

पुढे कितीतरी वर्षं इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढत होते. जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन 1982 मध्ये बाजारात आलं. म्हणजे आज आईच्या पेनात कुठल्या प्राण्याचा अंश नाही, पण त्यामागे मार्जरी आहेच, आणि ज्यांना नावही मिळालं नाही असे कितीतरी आहेत. हे ऋण मी मानते. पण याच ऋणाचं नाव पुढे करून नंतरची प्रत्येक गोष्ट खपवतात, तिथे मला अडखळायला होतं.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो. लोखंडी फुफ्फुसात, म्हणजे श्वास चालवणाऱ्या यंत्रात झोपलेली मुलं.)

पोलिओचंच घ्या. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सायमन फ्लेक्सनर ऱ्हीसस माकडांवर, म्हणजे लाल तोंडाच्या माकडांवर काम करत होते. या माकडाला पोलिओचा विषाणू तोंडातून दिला तर आजार सहसा होत नाही, नाकातून किंवा थेट मेंदूत दिला तर होतो. शिवाय एका माकडाच्या मेंदूतून दुसऱ्याच्या मेंदूत असा वर्षानुवर्षं नेऊन नेऊन तो विषाणूच मेंदूला सोकावला. त्यावरून निष्कर्ष निघाला की पोलिओ माणसातही नाकातून मेंदूत जातो. 1937 मध्ये टोरोंटोत साथ आली तेव्हा हजारो मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारलं. पोलिओ थांबला नाही. काही मुलांची वास घ्यायची शक्ती मात्र गेली. खरा रस्ता तोंडातून आतड्यात होता. 1949 मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी मज्जासंस्थेबाहेरच्या मानवी पेशींवर लॅबमध्ये हा विषाणू वाढवून दाखवला आणि लशीची वाट मोकळी झाली, त्याबद्दल त्यांना 1954 चं नोबेलही मिळालं.

पण गोष्ट इतकी सरळ नाही, "बघा, माकडं उगाच मारली" म्हणून मोकळं होता येत नाही, कारण नंतर जोनास साल्क यांची पोलिओची लस बनवायला विषाणू वाढवला तो माकडांच्याच किडनीच्या पेशींवर. त्यासाठी भारतातून प्रचंड संख्येने माकडं विमानांत भरून परदेशी गेली, भारताने ही निर्यात बंद केली ती 1978 मध्ये. म्हणजे त्याच प्राण्याने एकदा आपल्याला चुकीच्या रस्त्यावर नेलं आणि एकदा लाखो मुलांचे पाय वाचवले. आधी कसं कळणार कुठलं काय होणार? नाहीच कळत, आणि म्हणून तर प्रयोग करतात, हे मला मान्य आहे. पण मग निदान प्रश्न तरी असा हवा ना की ज्याचं उत्तर दुसऱ्या कुठल्याच मार्गाने मिळत नाही.

(दृश्य: पांढरा ससा. फक्त डोळा, क्लोजअप.)

सशाचं मात्र मला अजिबात पटवून घेता येत नाही. 1944 मध्ये जॉन ड्रेझ यांच्या नावाची टेस्ट आली. सशाला अशा खोक्यात अडकवायचं की फक्त मान बाहेर राहील, पंजा डोळ्यापर्यंत पोचणार नाही. एका डोळ्यात शॅम्पू, मस्करा, फिनाइलसारखं काही, जे तपासायचं ते घालायचं, दुसरा डोळा तुलनेला तसाच ठेवायचा. मग 24, 48, 72 तासांनी बघायचं, बुबुळ किती गढूळ झालं, किती सुजलं, किती पाणी येतंय, आणि मार्क द्यायचे. ससाच का? डोळे मोठे, स्वभाव गरीब, सांभाळायला स्वस्त. त्याचा डोळा माणसाच्या डोळ्यासारखा वागतो म्हणून घेतला असं नव्हे, सशाला तर माणसाला नसलेली तिसरी पापणी असते, आणि अश्रू कमी येतात म्हणजे पडलेला पदार्थ धुऊनही जात नाही.

1980 मध्ये हेन्री स्पायरा या कार्यकर्त्याने रेव्हलॉन कंपनीविरुद्ध मोहीम काढली, वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली, आणि त्याच वर्षी कंपनीने पर्याय शोधायला साडेसात लाख डॉलर देऊ केले. आज हीच तपासणी कत्तलखान्यातून आणलेल्या गाईच्या डोळ्यांच्या पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर होते, लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींच्या थरावर होते. प्राण्यांवर तपासलेली सौंदर्यप्रसाधनं विकायला युरोपियन युनियनमध्ये 2013 पासून पूर्ण बंदी आहे. लिपस्टिका काही संपल्या नाहीत. जवळपास 40 वर्षं ज्याला गरज म्हणत होते, ते पैसे आणि डोकं लावल्यावर बदलता आलं.

एलडी-50 तसंच. 1927 मध्ये ट्रेव्हन यांनी काढलेली पद्धत, किती डोस दिला म्हणजे गटातले निम्मे प्राणी मरतील ते शोधायचं. जोरदार औषधांचा डोस पक्का करायला ती निघाली होती, आणि नंतर जवळजवळ प्रत्येक रसायनाला लावत गेले. निम्मे मरेपर्यंत थांबायचं, का, तर फॉर्ममध्ये तो आकडा भरायचा रकाना असतो. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने ती जुनी पद्धत आपल्या यादीतून 2002 मध्ये काढली.

बरं, मग थेट माणसावर तपासायचं का? हा प्रश्न टाळून हा विषय बोलताच येत नाही. 1937 मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतूंवरच्या औषधाचं गोड सिरप निघालं, त्यात विषारी डायइथिलीन ग्लायकॉल होतं, बाजारात आणण्याआधी कुठल्याच प्राण्यावर बघितलं नव्हतं, शंभरावर लोक गेले, त्यात कितीतरी लहान मुलं. पुढच्याच वर्षी, औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवायलाच हवं, असा कायदा झाला. न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांवरचा खटला संपताना 1947 मध्ये जी नियमावली आली तिच्यातही लिहिलंय की माणसावरचा प्रयोग प्राण्यांवरच्या निष्कर्षांच्या आधारावर उभा हवा. छळछावण्यांत काय झालं ते पाहिल्यानंतर लिहिलेलं वाक्य आहे ते, त्याला मी हलक्यात घेत नाही. पण 2006 मध्ये लंडनमध्ये टीजीएन-1412 नावाचं औषध माकडांना जेवढं सोसलं त्याच्या सुमारे 500 पट कमी डोसने सहा निरोगी तरुणांना दिलं, आणि काही तासांत सहाही जण आयसीयूत गेले. वाचले, पण मरता मरता. म्हणजे प्राण्यावर तपासलं म्हणजे झालं, हीसुद्धा एक सवयच.

(दृश्य: उंदराचा चेहरा. आधी शांत, मग डोळे बारीक झालेले.)

हा फोटो थांबवून बघा. उंदीर शिकार होणारा प्राणी, दुखतंय हे तो लपवतो, दाखवलं तर खाल्ला जाईल. पण मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या लॅबने 2010 मध्ये दाखवलं की त्याचा चेहरा बोलतो. डोळे मिटत येतात, नाकाचा वरचा भाग फुगतो, गाल फुगतात, कान मागे जातात, मिशा ताठ होतात किंवा गालाला चिकटतात. मार्क द्यायची पद्धत इथेही आहे, शून्य, एक, दोन. सशाच्या डोळ्याला मार्क दिले ते रसायन पास की नापास हे ठरवायला, इथे मार्क देतात ते वेदनाशामक कधी द्यायचं ते कळायला.

आणि हा प्राणी अमेरिकेच्या 1966 च्या प्राणीकल्याण कायद्यात बसत नाही. प्रयोगासाठी वाढवलेले लहान उंदीर (माऊस) आणि मोठे उंदीर (रॅट) त्यातून वगळलेत, म्हणजे सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्राणी तिथल्या सरकारी मोजणीतच येत नाही. त्यात ज्या प्रयोगातून काही निघालं नाही तो बऱ्याचदा छापलाच जात नाही, मग दुसऱ्या लॅबमध्ये कुणीतरी तोच पुन्हा करतं, तेवढेच उंदीर पुन्हा. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्येच लिहून ठेवलंय, प्राण्याऐवजी दुसरं काही चालत असेल तर ते घ्या, घ्यावाच लागला तर कमी घ्या, आणि घेतलाच तर त्याला कमीत कमी त्रास होईल असं बघा. एवढं जुनं सांगणं आहे, आणि निकाल न छापणं हे त्यातल्या मधल्या वाक्यालाच हरताळ आहे.

(दृश्य: संध्याकाळ. लॅबमधला टेक्निशियन पिंजऱ्यांच्या रॅकपाशी. प्रत्येक पिंजऱ्यावर कार्ड.)

कार्डावर नंबर, जन्मतारीख, प्रयोगाचा क्रमांक. रोज दाणा-पाणी देणारा हा माणूस, प्रयोग संपला की त्यांना मारायचं कामही बऱ्याचदा त्याच्याच हाती असतं, आणि त्याबद्दल त्याने घरी कुणाशी काय बोलायचं याचा विचार फारसा कुणी करत नाही.

त्याच्या हातात नळी आहे. साधी, प्लास्टिकची, पुन्हा पुन्हा धुऊन वापरता येते. ती घ्यायला कुठला नवा शोध लागत नाही, कुठल्या कमिटीची परवानगी लागत नाही, वेळही शेपटी धरण्याइतकाच, आणि तरीही कितीतरी लॅबमध्ये आजही हात शेपटीकडेच जातो. त्याने झाकण उघडलं. नळी भुशावर आडवी ठेवली आणि हात स्थिर धरला. घरट्यातून आधी मिशा बाहेर आल्या, मग नाक. उंदीर दोन पावलं आला, थांबला, नळीची कड हुंगली आणि आत शिरला.