वाघबारस

अश्विन वद्य द्वादशी. गावोगावी वसुबारसेच्या पणत्या लागतात, गाय-वासराला ओवाळलं जातं. अकोले, जुन्नर, जव्हारच्या डोंगरपट्ट्यातले महादेव कोळी आणि वारली मात्र याच सुमाराला वाघाला पुजतात. ही वाघबारस.

देऊळ असं बहुधा नसतंच. गावाच्या शिवेला, झाडाखाली उभी केलेली एखादी शिळा किंवा लाकडी फळी. वर चंद्र-सूर्य, खाली कोरलेला वाघ. शेंदराचे थर इतके, की वाघाचे डोळे बोटांनी चाचपून शोधावे लागतात.

गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ, गूळ, दूध जमवतात. वाघोबापाशीच चूल मांडून खीर रटरटते. मग एकाला वाघ करायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे लागायचं. आमच्या शिवारात येशील का, असं दरडावून विचारायचं. वाघ झालेला पोरगा ‘नाही, नाही’ करत पळत सुटतो. सगळे खिदळतात. पण मागणं खरं असतं. उद्या गुरं त्याच रानात न्यायची आहेत.

शहरातून आलेला पाहुणा याला निसर्गप्रेम म्हणून मोकळा होतो. आम्हाला हा करार वाटतो, ज्याची भीती वाटते त्याच्याशी केलेला. रान त्याचंही आहे, हे त्यात आधीच कबूल आहे. म्हणून एखादी शेळी गेली, तर वाघोबानं आपला वाटा नेला म्हणतात.

पट्टेरी वाघ या भागातून केव्हाच गेला. आता मानकरी बिबट्या, आणि त्याचा मुक्काम उसात. २००१ नंतरच्या दोनेक वर्षांत जुन्नरचे कितीतरी बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलांत सोडले गेले. माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत, उलट वाढले. २००९ साली विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याला संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूनं रेडिओ कॉलर घातली आणि त्याला माळशेजच्या रानात सोडलं. शंभराहून जास्त किलोमीटर चालून तो थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत पोहोचला.

ज्या घरातलं माणूस बिबट्यानं नेलं, तिथं अर्थात यातलं काही सांगायला जाऊ नये. पिंजरा लावा, ही त्यांची मागणी असते आणि ती रास्तच आहे. वाघोबाला शेंदूर लावणारी गावंही ती करतात.

मुंबईत आरेच्या पाड्यांवर वाघोबा आजही पुजला जातो. पलीकडच्या इमारतींत बिबट्या दिसला, की वन खात्याला फोन जातो. पाड्यावर दिवेलागणीलाच पोरं घरात घेतात, कोंबड्या डालतात आणि रात्री पायवाटेनं जायचंच झालं, तर मोठ्यानं बोलत जातात.