शेणवीबाबांचं शुद्धलेखन

श्रोतेहो, नमस्कार.

आज स्टुडिओत येण्याआधी मुद्दाम मांडवीच्या काठानं एक चक्कर मारून आलो. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी तो पुतळा आहे ना? झगा घातलेला पाद्री हात पसरून उभा, आणि त्याच्या पुढ्यात एक बाई कलंडलेली. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ सालापासून तिथं आहे. पर्यटक त्याच्यापुढं सेल्फी काढतात, 'काहीतरी जादूटोणा दिसतोय' म्हणतात आणि कॅसिनोच्या बोटीकडं वळतात. त्या पाद्रीबाबांकडं मी येणारच आहे. पण आधी माझ्या वहीबद्दल सांगतो.

एका मराठी दैनिकात मी पस्तीस वर्षं मुद्रितशोधक होतो. साध्या भाषेत, प्रुफं वाचायचो. निवृत्त झालो तो ऐन पावसाळा. फोंड्याचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, माणसाला सोप्यावर बसवून ठेवतो. मोठ्या भावाला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. शेजारची एक मुलगी हरमलला कसल्याशा ध्यानशिबिराला जाऊन आली होती. ती म्हणाली, "काका, प्रत्येकाचा एक मार्गदर्शक आत्मा असतो. स्पिरिट गाइड. त्याला लिहितं करायचं."

तिनं शिकवलेली रीत अशी. रोज एकच वेळ, एकच जागा. डोळे मिटून श्वास मोजायचे. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडायचा. मग मनात एक जिना उभा करायचा आणि पायऱ्या उतरत खाली जायचं. खाली कुणीतरी थांबलेलं आहे असं समजायचं आणि त्याला मनातल्या मनात या म्हणायचं. हातात मऊ शिशाची पेन्सिल, अगदी अलगद धरलेली, कोपर अधांतरी. कागदाकडं बघायचं नाही. हात हलला तर हलू द्यायचा. यालाच स्वयंलेखन म्हणतात.

पहिले आठ दिवस नुसती वेटोळी. जिलब्याच म्हणा. बायको वही उघडून बघायची आणि काही न बोलता मिटून ठेवायची. नवव्या-दहाव्या दिवशी एक 'ग' उमटला. मग 'गाव'. आणि एकदा सुरू झालं ते थांबेना. मनगटात मुंग्या आल्यासारखं व्हायचं आणि पेन्सिल माझ्यापुढं पळायची. मी लिहितोय असं वाटतच नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. आपण एका दरबारातले शेणवी कारकून, अडीचशे वर्षांपूर्वी वारलो, तुमच्या कुळाचे हितचिंतक, अशी ओळख पटवून दिली गेली. महिनाभर शेणवीबाबांनी मला उपदेश केला. पाठपोट भरलेली पानं मी छातीशी धरून फिरायचो.

मग एका दुपारी जुनी खोड जागी झाली. लाल पेन घेतलं आणि शेणवीबाबांचं प्रुफ वाचायला बसलो.

एकही चूक नाही! 'आशीर्वाद'मधली 'शी' दीर्घ. 'गाव', 'नाव' यांवर अनुस्वार नाही. 'करणे', 'जाणे' यांच्या डोक्यावरही टिंब नाही. आता बघा, ही टिंबं आपल्या लेखनातून गेली ती १९६२च्या नियमांनी, मराठी साहित्य महामंडळाच्या. माझ्या वडिलांच्या पत्रांत पानभर टिंबं सापडतील. अठराव्या शतकातला कारकून, ज्यानं मोडी खरडायची किंवा आपली जुनी गोयकानडी लिपी, तो शाळेतल्या बाळबोध वळणात आणि आमच्या दैनिकाच्या लेखननियमांबरहुकूम लिहीत होता. संपादकांनी त्याला लगेच नोकरीवर घेतलं असतं.

मला हसू आलं, आणि थोडं रडूही.

असं होणारा मी पहिला नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जिनिव्हात एक बाई समाधीत जाऊन मंगळावरची भाषा लिहायची, तिथल्या खास लिपीत. गेल्या जन्मी आपण कानडा मुलखातल्या राजाची राणी होतो असंही तिचं म्हणणं. फ्लूर्न्वा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं तिचे कागद वर्षानुवर्षं तपासले. मंगळाच्या भाषेची वाक्यं फ्रेंचच्या साच्यात शब्दाला शब्द बसत होती. बाई लबाड नव्हती. तिच्या आतलं फ्रेंच वेषांतर करून बाहेर पडत होतं, जसं माझ्या आतलं प्रुफरीडिंग.

मग हात हलवतं कोण? घरी करून बघा. दोऱ्याला अंगठी बांधा, दोरा चिमटीत धरा आणि हात स्थिर ठेवून नुसतं मनात म्हणा, 'डावीकडून उजवीकडे.' बहुतेकांची अंगठी थोड्या वेळात झुलू लागते. स्नायू इतके बारीक हलतात की मालकाला पत्ता लागत नाही. १८५२ साली कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं या प्रकाराला नाव दिलं. पुढच्याच वर्षी फॅरडेनं, तोच विजेचा फॅरडे, लोकांच्या हाताखाली आपोआप फिरणाऱ्या टेबलांची परीक्षा घेतली. हात आणि टेबल यांच्यामध्ये त्यानं सरकत्या पट्ट्या ठेवल्या आणि वर एक काटा बसवला. आधी सरकायचे ते हात, टेबल मागून. आणि काटा बसणाऱ्यांना दिसू लागला की टेबल फिरायचंच थांबायचं.

आता पाद्रीबाबा. आबे फारिया आपल्या कांदोळीचा, जन्म १७५६चा. १८१३ पासून पॅरिसमध्ये तो लोकांना खुर्चीत बसवून जरबेनं 'झोपा!' म्हणायचा आणि ते झोपायचे. त्या काळी सगळे मेस्मर नावाच्या डॉक्टरचं ऐकून म्हणत, संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसला तरी चुंबकी प्रवाह निघतो. फारिया म्हणाला, माझ्या हातात काही नाही. जे घडतं ते झोपणाऱ्याच्या मनात, त्याच्या एकाग्रतेनं आणि अपेक्षेनं घडतं. स्वतःच्या हातातली जादू स्वतःच नाकारणारा माणूस! शेवटी पॅरिसनं त्याची टर उडवली, १८१९ साली तो गरिबीतच गेला. पुतळ्याचे ते पसरलेले हात बघून लोकांना नेमकं उलटंच वाटतं, याची मला गंमत वाटते.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडं राखणदार आहे, म्हापशाचा बोडगेश्वर आहे, रात्री सीमेवर फिरणारा देवचार आहे, त्यांचं काय? त्यांच्याशी भांडण्याची माझी प्राज्ञा नाही. पण एक गोष्ट नजरेत भरते. देवळात आपण कौल घेतो, म्हणजे देवाला विचारतो, तेव्हा मूर्तीला फुलांच्या पाकळ्या भट लावतो, गाऱ्हाणं सगळ्यांदेखत घातलं जातं, आणि पाकळी उजवी पडते की डावी ते चार माणसं बघतात. विचारणाऱ्याचा हात पाकळीला लागत नाही. जुनी माणसं हुशार होती. स्वयंलेखनात विचारणारा मी, पाकळी मी, भट मी आणि देवही मीच.

म्हणूनच भीती वाटते ती वहीतला आवाज हुकूम सोडू लागतो तेव्हा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी 'गाइड'नं सांगितलं म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. वेळीच मुलाच्या लक्षात आलं. ज्यांना एरवीही आवाज ऐकू येतात, ज्यांचं मन आधीच ढासळलेलं आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये, डॉक्टर गाठावा. जमीनजुमला, औषधपाणी, लग्न यांतलं काहीही पेन्सिलीला विचारू नये.

एवढं कळल्यावर मी वही बंद केली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही केली. बाबांना मी निरोप दिला आणि बसत राहिलो, कुणालाही न बोलावता. हात यायचा तसा यायचा. सुपारीचा हिशेब, जुन्या बातम्यांचे मथळे, असलंच काहीबाही.

चवथीच्या आधीच्या आठवड्यात एक ओळ आली. अक्षर वाकडं, एकावर एक चढलेलं. आणि ती ओळ मराठीत नव्हती. जन्मभर मी मराठीच लिहिली, मराठीच तपासली. कोकणी फक्त घरात बोललो, कागदावर कधी उतरवली नव्हती. कागदावर होतं, 'तुवें फोन उखल्लो ना.'

तू फोन उचलला नाहीस.

भाऊ गेला त्या रात्री त्याचा फोन आला होता. पहिलं पान छपाईला सोडायचं होतं, समोर मथळ्याचं प्रुफ होतं. स्क्रीनवर त्याचं नाव बघून मी फोन उलटा ठेवला. सकाळी करू म्हटलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ती ओळ लिहिणारा कोण, हे ओळखायला मला फॅरडेचा काटा लागला नाही.

वही तशीच सोप्यावर उघडी राहिली. बायको खोबरं किसता किसता बाहेर आली, हात पदराला पुसून तिनं पान वाचलं. या वेळी मिटलं नाही.

"हें कितें बरयलां तुमी?" तिनं विचारलं.

मी तिला शेजारी बसायला सांगितलं.